मूळ पदावर न आलेलं आख्यान

रविवारी सकाळी सुदामा नगरात बहिणीकडे पोहे-जलेबीला जमलो की काही ना काही वाद होतोच. या खेपेला विषय होता स्पायडरमॅन. भाच्यानं आणि त्याच्या दोन मित्रांनी सॅम रायमीच्या तिन्ही स्पायडरमॅन चित्रपटांचं (२००२, २००४ आणि २००७) शनिवारी दुपारपासून पारायण केलं होतं आणि तिसऱ्यावरून सकाळी घरात तट पडले होते. एक मित्र म्हणे, दिग्दर्शकाचा दोष नाही, स्टुडिओनं व्हेनम हा खलनायक त्याच्या गळ्यात मारला. दुसऱ्याचं म्हणणं, वाईट आहेच कुठे? नायक केस कपाळावर ओढून रस्त्यानं नाचत जातो ते किती भारी आहे, आजही सगळ्यांच्या मोबाइलवर तेच फिरतंय. भाऊजींनी पोह्यांवर जीरावण भुरभुरवत निकाल दिला: तिघांत ज्यानं सगळ्यात जास्त पैसे कमावले त्याला फसलेला म्हणणारे आपण कोण? मी तो चित्रपट २००७ च्या मे महिन्यात इथेच, इंदूरला, हिंदीतून पाहिला होता. (त्या वर्षी तो आपल्याकडे भोजपुरीतही आला होता. मराठीत आला नाही, याचं वाईट वाटून घ्यावं की सुटलो म्हणावं, हे अजून ठरलेलं नाही.) बाहेर पडताना काहीतरी हातून निसटल्यासारखं वाटलं होतं, काय, ते तेव्हा सांगता आलं नव्हतं. परवा तिन्ही पक्ष हिरिरीनं भांडताना ऐकले आणि वाटलं, तिघेही भलत्याच घराचं दार वाजवताहेत.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. हा चित्रपट क्षमेबद्दल आहे. यात जो तो कोणाला ना कोणाला माफ करतो आणि त्यातली जवळजवळ एकही माफी कोणाला महाग पडत नाही. एवढ्यावर निभावलं असतं. पण ही स्वस्ताई साधण्यासाठी त्यानं पहिल्या भागात नायकाच्या नावावर चढलेलं कर्ज परस्पर दुसऱ्याच्या खात्यावर वळतं केलं. नुसता वाईट निघाला असता तर विसरून गेलो असतो. यानं मागच्या दोघांच्या वहीत खाडाखोड केली, म्हणून एवढी वर्षं सलतो आहे.

ज्यांनी हे चित्रपट पाहिले नाहीत किंवा पाहून जमाना झाला, त्यांच्यासाठी दोन प्रसंग सांगायला हवेत. पहिल्या भागात पीटर पार्कर नव्यानं मिळालेल्या ताकदीच्या जोरावर कुस्तीच्या फडात पैसे मिळवायला जातो. आयोजक त्याला कबूल केलेल्या तीन हजार डॉलरऐवजी शंभर टेकवतो. तेवढ्यात एक चोर त्याच आयोजकाचा गल्ला लुटून पळत येतो आणि पीटर बाजूला होऊन त्याला वाट देतो. माझा काय संबंध? त्याच रात्री बेनकाकांना गोळी लागते. पीटर खुन्याला गाठतो तर समोर तोच चोर. पुढचं सगळं, तो मुखवटा, ती जाळी, त्या उड्या, हे त्या एका बाजूला होण्यावरचं व्याज आहे. दुसरा प्रसंग दुसऱ्या भागातला. पीटर मे काकूसमोर बसून हे कबूल करतो. तिथं एकही इमारत कोसळत नाही. एक टेबल आणि दोन माणसं. चोराला मी अडवू शकलो असतो, तो सांगतो. काकू त्याच्या हातातून आपला हात काढून घेते, उठते आणि एक शब्दही न बोलता जिना चढून वर निघून जाते. माफी नंतर मिळते, पण मधे तो जिना असतो. माझ्या मते अख्ख्या मालिकेतला सर्वांत धाडसी प्रसंग हाच, आणि त्यात कोणी भिंतीवर चढत नाही.

आता तिसरा भाग. पोलीस काकूला आणि पीटरला बोलावून सांगतात की काकांना मारलं ते त्या चोरानं नव्हे, त्याच्या साथीदारानं, फ्लिंट मार्कोनं. हाच मार्को पुढे वाळूचा माणूस होतो. म्हणजे पीटरनं ज्याला वाट दिली तो खुनी नव्हताच! इथं भाच्यानं मला अडवलं आणि चांगलं अडवलं. "मामा, शेवट नीट बघा. मार्को सांगतो, त्याला फक्त गाडी हवी होती. काका त्याला म्हणत होते, बंदूक ठेव आणि घरी जा. तेवढ्यात साथीदार पैसे घेऊन धावत आला, त्याला हलवलं आणि गोळी सुटली. मग पीटरचा दोष गेला कुठे? उलट पक्का झाला." मुद्दा बिनतोड आहे. चित्रपटाच्या बाजूनं याहून चांगला युक्तिवाद मी ऐकलेला नाही. प्रश्न एवढाच, की हे भाच्याला कळलं, पण पीटरला कळलं का? मार्को म्हणतो, मी माफी मागत नाही, फक्त समजून घे. पीटर म्हणतो, मीही भयंकर गोष्टी केल्यात. मग म्हणतो, तुला माफ केलं, आणि मार्को वाळू होऊन वाऱ्यावर निघून जातो. कोणत्या भयंकर गोष्टी? नुकतीच, डोकं फिरवणारा तो काळा पोशाख घालून केलेली मारामारी, असाच अर्थ तिथं लागतो. एकच वाक्य बोलायला हवं होतं: ज्यानं तुझा हात हलवला, त्याला त्या रात्री वाट मी दिली होती. या एका वाक्यानं तिन्ही चित्रपट एका दोऱ्यात आले असते. माफ करणारा आणि माफी मिळणारा एकाच गुन्ह्याचे भागीदार आहेत, हे समोरासमोर उभं राहिलं असतं. पटकथेनं सगळी तयारी केली, पानं वाढली आणि ऐन वेळी मीठच वाढायचं राहिलं. त्यामुळे सूक्ष्म नजरेनं पाहणाऱ्याला दोष पक्का दिसतो आणि ज्याचा दोष आहे तो मोठ्या मनाचा ठरून मोकळा होतो.

मग मागच्या कथेला हातच लावायचा नाही का? तसं माझं म्हणणं नाही. आपल्याकडे याचं सर्वांत मोठं उदाहरण भवभूतीचं आहे, आणि तो काही आपल्याला लांबचा नाही. त्याची नाटकं काळप्रियनाथाच्या यात्रेत झाली आणि हा काळप्रियनाथ म्हणजे आपला उज्जैनचा महाकाल, असं काही अभ्यासक मानतात. वाल्मीकीच्या उत्तरकांडात सीता धरणीत जाते. भवभूतीनं उत्तररामचरितात तो शेवट फिरवला आणि राम-सीतेची भेट घडवली. केवढी ही ढवळाढवळ! पण ती करण्याआधी त्यानं रामाला काय भोगायला लावलं ते पाहा. तिसऱ्या अंकात राम पुन्हा त्याच अरण्यात येतो, सीता अदृश्य रूपानं शेजारी उभी असते, आणि तो आपल्याच करणीच्या आठवणीनं पुन:पुन्हा मूर्च्छित पडतो. गोड शेवट त्यानं दिला, मात्र त्याचं पूर्ण दाम रामाकडून वसूल केल्यावर. सीतेचा त्याग प्रत्यक्षात दुसऱ्याच कोणी केला होता, अशी सोयीची बातमी घेऊन त्याच्या नाटकात कोणी हवालदार येत नाही.

आता स्टुडिओचा मुद्दा. यात तथ्य भरपूर आहे, नाकारण्यात अर्थ नाही. निर्माते आवी अराद यांनी चाहत्यांच्या नावानं व्हेनमचा आग्रह धरला, रायमीला त्या पात्राबद्दल जिव्हाळा नव्हता, आणि पुढे काही वर्षांनी एका मुलाखतीत त्यानं स्वतःच कबूल केलं की सगळ्या पात्रांवर आपला विश्वास नव्हता आणि प्रेक्षकांपासून ते लपलं नाही. असं कबूल करणारा दिग्दर्शक मला आवडतो. पण त्याच्या भक्तांनी यातून काढलेला निष्कर्ष तपासा. व्हेनम मनातल्या मनात कापून टाका. काय उरतं? मार्को उरतो, काकांच्या खुनाचा बदललेला हिशेब उरतो, माफी उरते. आणि हा भाग स्टुडिओनं लादलेला नाही. चित्रपटाची कथा सॅम रायमी आणि त्याचा भाऊ आयव्हन यांच्या नावावर आहे. जखम तिथं आहे आणि पट्टी आपण व्हेनमला बांधतो आहोत.

शिवाय मालकाचा दबाव ही गोष्ट हॉलिवूडनं शोधून काढलेली नाही. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि त्यानंतर बडोद्याला 'एकच प्याला' रंगमंचावर आलं. लेखक हयात नाही, पदं वि. सी. गुर्जरांची, कंपनी गंधर्वांची, सिंधू खुद्द बालगंधर्व, आणि प्रेक्षक त्यांच्या गाण्यासाठी जीव टाकणारा. शेवट थोडा मवाळ करा, सिंधूला वाचवा, असं म्हणायला याहून सोयीची परिस्थिती कोणती? तरी सिंधू वाचत नाही आणि सुधाकरही वाचत नाही. गाणी भरपूर आली, पण नाटकाचा कणा वाकला नाही, कारण तो लिहितानाच ताठ होता. त्याच गडकऱ्यांचं 'राजसंन्यास' अपुरं राहिलं. ते आपण प्रत्येक जण मनात पुरं करतो आणि मनातलं अर्थातच अप्रतिम असतं. रायमीला मोकळीक मिळाली असती तर, हा युक्तिवाद त्याच जातीचा आहे. न काढलेल्या चित्रपटात चुका कशा सापडणार?

खलनायक तीन झाले म्हणून गर्दी झाली, हे कारण तर शाळकरी गणित आहे. बॅटमनच्या 'डार्क नाइट'मध्ये जोकर आहे, टू-फेस आहे, शिवाय माफियांची पलटण आहे. त्यात कोणाला गर्दी वाटली? गर्दी डोकी मोजून ठरत नसते. अनंत चतुर्दशीच्या रात्री आपल्याकडे गिरण्यांच्या झांक्या निघतात: हुकुमचंद, मालवा, राजकुमार, स्वदेशी, कल्याण. झगमगती एक गाडी गेली की दुसरी, तिच्यामागे आखाडे, मग तिसरी. लहानपणापासून मला त्याचं वेड आहे, पहाटेपर्यंत फुटपाथवर बसून पाहिल्यात. तिथं पहिल्या गाडीवरच्या कृष्णाचा तिसऱ्या गाडीवरच्या हनुमानाशी काय संबंध, असं कोणी विचारत नाही; ती झांकी आहे, तिचा धर्मच तो. तिसऱ्या स्पायडरमॅनमध्ये वाळूवाल्याची गाडी जाते, हॅरीची गाडी जाते, काळ्या पोशाखाची जाते. एकेक पाहण्यासारखी आहे, त्यात शंका नाही. मार्को वाळूच्या ढिगाऱ्यातून पुन्हा पुन्हा कोसळत उभा राहतो आणि मुलीच्या फोटोचं लॉकेट उचलायला धडपडतो, तो संवादाशिवायचा प्रसंग तर अख्ख्या मालिकेत सर्वोत्तमांपैकी आहे. पण गोष्ट झांकीसारखी पुढे सरकू लागली की पात्रांना एकमेकांशी काही देणंघेणं उरत नाही. पीटरचा मित्र हॅरी, त्याचंच पाहा. आपल्या वडिलांना पीटरनं मारलं, असं तो धरून बसलेला. मित्रावरचा दोन चित्रपटांचा सूड एका संध्याकाळी विरघळतो, कारण घरचा बटलर येऊन सांगतो की तुमचे वडील स्वतःच्याच हत्यारानं मेले, जखम मी पाहिली होती. हा भला माणूस इतकी वर्षं काय चांदीचे चमचे पुसत होता? माहिती मिळाली म्हणून राग गेला, याला क्षमा म्हणायचं की दुरुस्तीपत्रक?

भाऊजींच्या पैशाच्या मुद्द्याला फार वेळ देत नाही. आकडे खरे आहेत: जगभरात पहिल्यानं सुमारे ८२ कोटी डॉलर मिळवले, दुसऱ्यानं सुमारे ७९ कोटी, तिसऱ्यानं सुमारे ८९ कोटी. पण तिघांत ज्याचं सर्वाधिक कौतुक होतं त्या दुसऱ्याची कमाई सर्वांत कमी आहे, हे त्याच आकड्यांत लिहिलेलं आहे. तिकीट आपण चित्रपट पाहण्याआधी काढतो. तिसऱ्याच्या गल्ल्यात दुसऱ्याची पुण्याई पडली, एवढंच त्यावरून सिद्ध होतं.

नाचाबद्दल मात्र मी भाच्याच्या मित्राच्या बाजूनं आहे, आणि हे ऐकून तो जरा गोंधळला. तो प्रसंग चुकून विनोदी झालेला नाही. तो विनोदीच आहे. आपण फार रुबाबदार झालो, असं पीटरला वाटतं आणि रस्त्यावरच्या पोरी तोंड वळवतात. भित्र्या, सज्जन पोराच्या डोक्यात हवा गेली की तो असाच दिसणार. खोट पुढे आहे. त्याच उन्मादात तो क्लबमध्ये आपल्या प्रेयसीला, मेरी जेनला, धक्का मारून पाडतो, मग धावत चर्चच्या घंटेखाली जातो, काळं आवरण ओरबाडून काढतो, आणि झालं! सुतक फिटावं तसा अंघोळ करून मोकळा. ते काळं त्याच्या अंगात होतं की अंगावर? ते आकाशातून पडलं आणि कपड्याला चिकटलं, असं म्हटल्यावर प्रश्नच संपला. भूत उतरवलं की झाडाचाही दोष नाही आणि माणसाचाही नाही. उलट चित्रपटाच्या अखेरीस हाच पीटर निवेदनात सांगतो की काहीही झालं तरी निवड आपल्या हातात असते. निवड आपली असेल तर काळ्या पोशाखातली करणीही आपलीच. त्याच्या थोडंच आधी मार्को सांगतो की असं होणं मी निवडलं नव्हतं, आणि त्याच आधारावर सुटतो. दोन्ही कसं चालेल?

एक आक्षेप उरतो आणि तो मला सर्वांत न्याय्य वाटतो: हा शेवटचा भाग म्हणून काढलेलाच नव्हता. चौथ्याची तयारी चालू होती, ती जानेवारी २०१० मध्ये गुंडाळली गेली आणि २०१२ मध्ये नव्या नटाला घेऊन पहिल्यापासून सुरुवात झाली. मग शेवटाचं ओझं त्याच्यावर का टाकायचं? पण एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' १९८५ मध्ये विजया मेहतांनी केलं तेव्हा तरी ते त्रयीतलं पहिलं म्हणून कुठे आलं होतं? 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' मागाहून आली आणि १९९४ मध्ये चंद्रकांत कुलकर्णींनी तिन्ही एकत्र, सलग केली. म्हणजे त्रयी मागाहूनही होऊ शकते. इथल्या सानंद संस्थेच्या नाटकांना वर्षानुवर्षं जाणारी आपली मंडळी पहिल्या नाटकातला अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर विसरलेली नाहीत. आता तिसऱ्या नाटकात काय आहे? वाड्याची भरभराट नाही, नवे भाऊबंद नाहीत, आणखी मोठं भांडण नाही. दुष्काळानं उजाड झालेलं गाव आणि दोन चुलतभाऊ, पराग आणि अभय, बोलत बसलेले. काहींना ते फार कोरडं वाटतं, माझ्या वडिलांनाही वाटायचं. पण एलकुंचवारांनी वाढवत नेण्याऐवजी काढून टाकत नेलं, आणि पहिल्या नाटकात जे मोडायला लागलं होतं त्याची चौकशी शेवटपर्यंत सोडली नाही. तिसऱ्या भागानं मोठं व्हायला हवं, हे ठरवलं कोणी? महाभारतात युद्ध संपल्यावरही बरंच काही शिल्लक असतं, आणि अगदी शेवटची दोन पर्वं इतकी छोटी आहेत की एका बैठकीत वाचून होतात. त्यात एक म्हातारा होत आलेला राजा आणि एक कुत्रा चालताहेत. त्यानंतर स्वर्गात दुर्योधन आरामात बसलेला दिसतो आणि युधिष्ठिराचं डोकं फिरतं.

रामबागेत आजीबरोबर कीर्तनाला जायचो तेव्हा पूर्वरंगात मला झोप यायची आणि उत्तररंगात आख्यान रंगलं की जाग यायची. बुवा किती का लांब जाईनात, लंकेत, द्वारकेत, मधेच एखाद्या विनोदी चुटक्यात, शेवटी ज्या अभंगावर सुरुवात केली त्यावर परत यायचे. आजी कोपरानं ढोसून सांगायची, "ऊठ, बुवा मूळ पदावर आले." तो अभंग सुरुवातीला ऐकलेलाच असायचा, पण मधलं सगळं त्याला लागून आलेलं असायचं. रायमीचं मूळ पद त्या रात्रीच्या कुस्तीच्या फडाबाहेर होतं, लिफ्टच्या दाराशी, जिथं एक पोरगा बाजूला झाला. मार्कोसमोर तो तिथवर येऊन पोचला होता, अगदी समेला. आणि उपऱ्या तानेवर निघून गेला. मुलांच्या चित्रपटाला कीर्तनाचे नियम लावतो म्हणून भाऊजी हसले. हसू देत. मुलांचा चित्रपट म्हणून सूट द्यायची, तर मे काकूचा तो जिना दुसऱ्या भागात मुलांना दाखवला होताच, आणि तो त्यांना नीट कळला होता.

एक गोष्ट मात्र मला २००७ मध्ये दिसली नव्हती, परवा दिसली. दोन तास एकोणीस मिनिटांच्या या पसाऱ्याच्या अगदी शेवटी पीटर त्याच क्लबमध्ये येतो. मेरी जेन गात असते. त्याला पाहून ती थांबते. तो हात पुढे करतो. ती बराच वेळ नुसती बघते, मग हात धरते, आणि दोघं हळूहळू नाचू लागतात. कोणी 'माफ केलं' म्हणत नाही. तिचा चेहरा पाहून सगळं मिटलं असंही छातीठोक सांगता येत नाही. चित्रपटाला जे पूर्ण वेळ सापडलं नाही ते इथं एका मिनिटात, हाताच्या अंतरावर, समोर आलेलं होतं. परवा तोवर खोलीतली अर्धी मंडळी उठून बशा गोळा करू लागली होती आणि भाच्याचे मित्र दारात चपला शोधत होते.